उलटा धरलेला प्रबंध

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या मामांचे. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातले मामा वरवंडला स्थिरावले आणि कालव्यावर पाटकरी झाले. दारं उचलायची, ज्याची पाळी असेल त्याच्या शेताला पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. कवठे येमाईच्या आमच्या घरात दहावीपुढं कोणी शिकलेलं नव्हतं. मामांनी मला वरवंडला ठेवून घेतलं आणि दौंडच्या कॉलेजात घातलं.

बी.एस्सी.ला असताना एका सकाळी ते मला चारीवर घेऊन गेले. चारी म्हणजे कालव्यातून शेतांकडं जाणारा लहान पाट. त्यांनी दार झटक्यात उचललं. पाण्याचा एक उंचवटा उठला आणि एकटी लाट होऊन पुढं निघाला. फेस नाही, खळखळ नाही.

"काढ सायकल. हिच्या संगं चल."

मैलभर मी तिच्या बाजूनं सायकल हाणली. मागं कॅरिअरवर मामा.

"मामा, ही मोडत कशी नाही?"

"उठली तशी जाती. ही दिसली की लोक समजत्यात, पाणी आलं. मग ज्यो त्यो फावडं घिऊन उभा. तुमच्या कॉलेजात ह्ये शिकवीत न्हाईत व्हय?"

पुढं पुण्यात पीएच.डी.ला मला हाच विषय मिळाला, फक्त पाण्याऐवजी धूळमिश्रित प्लाझ्मा. प्लाझ्मा म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू. त्यात धूळ असली की लोकरीला कुसळं चिकटावीत तसे धुळीच्या कणाला इलेक्ट्रॉन चिकटतात आणि तो जड कण ऋणभारित होतो. अशा धुळीतूनही एकटी लाट आकार न बदलता जाते. एक गोष्ट तिला उभी करू पाहते, दुसरी पसरवू पाहते. दोन्हींचा तोल राहतो, म्हणून ती मोडत नाही. ते समीकरण सोडवताना माझ्या डोळ्यांसमोर चारीच असायची.

तोंडी परीक्षेला मामा केडगावहून गाडी पकडून आले आणि पांढरा फेटा बांधून मागच्या बाकावर बसले. परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, "अशी लाट तुम्ही स्वतः कधी पाहिली आहे?"

चारीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आठवेना. सायकल, कॅरिअर, फावडी हे त्या खोलीत सांगितलं तर हसतील असं वाटलं. मी म्हणालो, "नाही सर. फक्त वाचलंय."

बाहेर आल्यावर मामांनी विचारलं, "माझा पाट सांगितलास का?"

"हो मामा. सांगितला."

महिन्याभरानं इंग्रजी प्रबंधाची प्रत घेऊन वरवंडला गेलो, तोवर भाच्यानं परीक्षेत आपला पाट सांगितला, असं मामांनी चारीवरच्या प्रत्येक शेतकऱ्याला सांगून ठेवलं होतं. मामांच्या घराच्या दारापाशी तिघं-चौघं जमले. मामांनी पानं चाळून आलेख काढला. धूळ ऋणभारित असल्यामुळं त्यातली विद्युत विभवाची रेघ वर न उठता खाली जाते. एक शेतकरी हसला, "पाटकरी, तुमची लाट तर खड्ड्यात गेली की!"

मामांनी शांतपणे प्रबंध उलटा धरला. "आता बघ."

उंचवटा दिसला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आन् माझं कुठं लिवलंय?" मामा मला म्हणाले. "बोट ठेव."

ते कुठंच नव्हतं. ऋणनिर्देशात मार्गदर्शक होते, विभागप्रमुख होते, संगणक कक्षही होता. प्रस्तावनेत, अशी लाट पहिल्यांदा जिथं नोंदली गेली त्या परदेशी कालव्याचा उल्लेख होता. मी त्याच ओळीवर बोट ठेवलं. मामांनी त्या पानाचा कोपरा दुमडला.

त्या दुमडलेल्या कोपऱ्यानं मला पुण्यात काम सुचेना. आठ दिवसांनी मी पत्र लिहिलं:

"मामा, हे कुणाकडून वाचून घेऊ नका, सावकाश का होईना, तुम्हीच वाचा. मी बोट ठेवलं त्या ओळीत तुमचा पाट नाही. तो प्रबंधात कुठंच नाही. परीक्षेत मला विचारलं, तेव्हा मी अशी लाट पाहिलीच नाही म्हणालो. तुम्ही मागं बसला होता आणि तुम्हाला इंग्रजी कळत नाही, याचा मला आधार वाटला. त्याची मला फार लाज वाटते. तो कोपरा सरळ करून ठेवा. पुढच्या पाळीला मी येतो. तुम्ही दार उचला, मी सायकल काढतो. ज्यांना तुम्ही अभिमानानं सांगितलंय त्यांच्या बांधाबांधावर थांबून मी खरं काय ते सांगेन. लाट पुढं निघून गेली तरी चालेल."