खोताच्या अंगणातली गोमू

अभयने माझ्या निऱ्या ओढल्या तेव्हा मी नाचत होतो.

भर अंगणात. शिमग्यात. दुपारचे बारा वाजलेले. मांडवाखाली वीस-पंचवीस माणसं, त्यातली निम्मी खुर्च्यांवर. एका हिसक्यात साडी सुटली. आत माझी निळी हाफ पँट, मांडीवर उसवलेली. "बघू तरी आत काय आहे," अभय म्हणाला. त्याच्या दुसऱ्या हातात मोबाइल होता, तो त्याने आणखी जवळ आणला. खुर्च्यांवरचे हसले. मग मागे उभी असलेली आमची माणसंही हसली. खुर्चीवाले हसले की आपण हसायचं, हे आमच्या वाडीला कुणी शिकवावं लागत नाही.

मृदंग थांबला नाही. तो वाजवत होता माझा सख्खा काका. खाली मान घालून मला म्हणाला, "पाय थांबवू नको. गाऱ्हाणा व्हायचाय."

मी एका हाताने साडी धरली आणि नाचलो.

रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या अलीकडे, कातळावर आमची वाडी. शिमग्यात आमचे खेळे घरोघर फिरतात. मृदंग, झांजा, काळ्या कपड्यांतला संकासूर, आणि गोमू. गोमू म्हणजे साडी नेसून नाचणारा पुरुष. सोळाव्या वर्षापासून गोमू मीच. साडी नेसली की मी देवाचा. मग मला नावाने हाक मारायची नाही, माझ्यावर हात टाकायचा नाही. बायका माझी ओटी भरतात, पायावर डोकं ठेवतात, कानात नवस सांगतात. शेवटी गाऱ्हाणं. काका देवाला सांगणार, ह्या घराला सुखी ठेव, आणि आम्ही सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "व्हय म्हाराजा." एकदा मृदंग सुरू झाला की गाऱ्हाणं पुरं होईपर्यंत थांबायचं नाही. मध्येच थांबलं तर घराला बाधतं म्हणतात. आणि एकाने जरी व्हय म्हटलं नाही, तरी गाऱ्हाणं लागत नाही.

हे घर खोताचं. खोती कधीच गेली, पण कलमांची बाग गेली नाही, म्हणून लोक अजून खोतच म्हणतात. अभय त्यांचा एकुलता मुलगा. निऱ्या ओढायच्या पाच मिनिटं आधी त्याच्या आईने माझी ओटी भरली होती. माझ्या पायाला तिने लावलेलं कुंकू अजून ओलं होतं. साडी सुटली तशी ओटीतला नारळ गडगडत गेला आणि तांदूळ शेणाने सारवलेल्या जमिनीवर सांडले. ती धावत आली. मला वाटलं, माझ्यासाठी आली. ती तांदूळ वेचायला लागली.

"पाय नको रे देऊ त्यावर," मला म्हणाली. "आमच्या घरचे तांदूळ आहेत."

मग गाऱ्हाणं झालं. काकाने देवाला सांगितलं, "ह्या घरच्या लेकाचा लगीन ठरलाय, त्याचा संसार सुखाचा कर रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हणालो. पोटाशी साडीचा बोळा धरून, उसवलेल्या चड्डीत उभा राहून मी त्याच्या सुखासाठी व्हय म्हणालो. मला आजही त्या हसण्यापेक्षा त्या व्हयची जास्त लाज वाटते.

आता अभयने हे का केलं ते सांगतो.

आदल्या वर्षी आंब्याच्या दिवसांत मी त्यांच्या बागेत पेट्या भरायला होतो. तेवीस वर्षांचा मी, सव्वीसचा तो. बागेच्या टोकाला पंपाची खोली. तिथे तो मला बोलवायचा आणि मी जायचो. जबरदस्ती नव्हती. मला तो आवडायचा. मुलगे मला आवडतात हे मला फार आधीपासून ठाऊक होतं, पण त्यातला कुणी मला बोलवेल असं वाटलं नव्हतं. त्याने रत्नागिरीच्या बाजारातून हिरव्या काचेच्या बांगड्या आणल्या आणि स्वतःच्या हाताने माझ्या हातात चढवल्या. दोन फुटल्या. तो मला गोमूच म्हणायचा. माझं नाव त्याने एकदाही घेतलं नाही. मला मेल्याला ते लाडाचं वाटायचं.

मग त्याचं लग्न ठरलं. त्या दिवशी अंगणात खुर्च्यांवर बसले होते ते मुलीकडचे. आणि मी शहाणा त्याच बांगड्या घालून नाचायला गेलो होतो. वाटलं, त्याला बरं वाटेल. त्याने बांगड्या पाहिल्या. सासऱ्याकडे पाहिलं. आणि माझ्या निऱ्यांना हात घातला. स्वतःची मर्दानगी दाखवायला त्याला माझी चड्डी लागली.

व्हिडिओ माझ्याआधी रत्नागिरीच्या बंदरावर, मिरकरवाड्याला पोचला. तिथे मी बर्फाच्या कारखान्यात कामाला. सकाळी लाद्या ओढायला उभा राहिलो तर मुकादम म्हणाला, "गोमू, आज साडी नाय नेसलीस?" मोठ्या लाद्या मला एकट्याला ओढायला लावल्या. म्हणाला, बाई आहेस की बाप्या ते कळू दे. त्या आठवड्यात माझ्या दोन्ही तळव्यांची साल गेली.

घरी आई म्हणाली, "तू हसलास का नाय? हसला असतास तं मस्करीत गेला असता."

एवढ्यावर भागलं नाही. ओटीचे तांदूळ सांडले म्हणजे अपशकुन. तो कुणी केला? मी. वाडीने ठरवलं, मी खोताच्या घरी जाऊन माफी मागायची. काका मला घेऊन गेला. चपला फाटकाशी काढल्या. अभय झोपाळ्यावर बसून मोबाइल बघत होता, मान वर केली नाही. मी ओणवा झालो. त्याचे वडील, अण्णा खोत, फार शांत माणूस. आवाज कधी चढत नाही. म्हणाले, "वर्षभर पुरुषासारखा राहा. शिमग्यात बाई हो. आमची काही हरकत नाही."

मी "हो" म्हणालो.

घरी येताना काका वाटेत म्हणाला, "मोठी माणसा हायत. संभाळून घेतलानी." मला पहिल्यांदा त्याची कीव आली. मृदंगावर एवढा हात असलेला माणूस, आणि त्याला कळेना की आपण कुणाचं सुख मागत फिरतो.

पुढचं वर्ष आलं. माझ्याजागी दुसरा कुणी मिळेना. मुंबईहून चार दिवसांसाठी येणाऱ्यांना पावलं येत नाहीत, आणि व्हिडिओ पाहिल्यापासून साडी नेसायला कुणी तयार नव्हता. मग पुन्हा मीच. मी निमूट नेसलो. बांगड्या घातल्या.

तेच अंगण. अभयच्या शेजारी त्याची बायको. त्याच्या आईने माझी ओटी भरली, पायावर डोकं ठेवलं. मी नाचलो, असा की पूर्वी कधी नाचलो नव्हतो. मग काकाने गाऱ्हाणं घातलं, "ह्या जोडप्याचा भला कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"नाय म्हाराजा," मी म्हणालो.

काकाने मृदंग वाजवतच डोळे वटारले. पुन्हा म्हणाला. मी पुन्हा नाय म्हणालो. अण्णा उठले. "काय नाय?" आवाज तेव्हाही चढला नव्हता.

मग मी सांगितलं. खेळ्यांच्या चालीत, गिरक्या घेत, मृदंगावर. गाऱ्हाणं पुरं झालं नव्हतं, त्यामुळे मृदंग थांबवता येत नव्हता आणि साडीतल्या गोमूला हात लावता येत नव्हता. पंपाची खोली सांगितली. बांगड्या सांगितल्या, फुटलेल्या दोनसुद्धा. कुणी भरल्या, कुणी खुर्चीवाल्यांसमोर निऱ्या ओढल्या, कुणी तांदूळ वेचले, कुणी मला शिमग्यापुरती बाई व्हायची परवानगी दिली, सगळं. नाव घेतलं नाही. त्याची गरज नव्हती. त्याची बायको माझ्या हातांकडे बघत होती. तिचं मला वाईट वाटलं, आजही वाटतं. पण तिला फसवलं ते मी नव्हे.

अभयने कानाखाली मारली. मी पडलो. मग लाथ घातली. देवाच्या गोमूला हात लावू नये हे कुणी त्याला सांगितलं नाही. आणि काकाचा मृदंग चालूच. त्याने माझ्याशिवाय गाऱ्हाणं पुरं केलं.

मी गेल्यावर त्यांनी गोमूत्र शिंपडून अंगण पुन्हा सारवलं.

आता वाडी माझ्याशी बोलत नाही. खेळ्यांतून काढलं. आई भाकरी वाढते आणि तोंड फिरवते. काम टिकलंय, लाद्या ओढायला माणसं मिळत नाहीत म्हणून. दुपारच्या सुट्टीत जेटीवर जाळी विणणाऱ्या बायका म्हणतात, "सांग तो किस्सा." मी तिथेच नाचून सांगतो. काही हसतात. एक जण दर वेळी उठून जाते आणि दर वेळी परत येऊन बसते.

वाडीची साडी मी परत केली. स्वतःची घेतली, हिरवी. शिमगा तीन आठवड्यांवर आलाय. खेळे खोताच्या अंगणात जातील. मी फाटकाबाहेर रस्त्यावर उभा राहीन, साडी नेसून, बांगड्या घालून. रस्ता खोताचा नाही. पुन्हा मारतील, माहीत आहे. आत सगळे व्हय म्हणतील, काकाही म्हणेल. मी नाय म्हणेन, अंगणातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आणि पुढच्या वर्षी पुन्हा.