जावेची गोष्ट

कुणी बिडी पेटवली की मला धानोऱ्याचं आमचं अंगण आठवतं. मधोमध तेंदूपानांचा हिरवा ढीग, भोवती पुडे बांधणाऱ्या बाया. पानं सुकायच्या आत पुडे व्हायला हवेत, म्हणून तिथे हात कधीच थांबत नसत. मी हौसेनं माझी कविता म्हटली. “बेस आहे वो बाई,” म्हणत बाया बांधतच राहिल्या. मग धाकट्या जावेनं स्वतः रचलेली गोष्ट सुरू केली, तळ्याखालच्या गावात माणसं आपल्या सावल्या विकतात अशी. एकेक हात थांबला. “मंग का झालं वं?” खुद्द सासूबाईंनी तिला विचारलं. माझा नुसता जळफळाट झाला. “पानं सुकून राह्यली, कोण बांधन पुडे?” मी ओरडले. कुणी ऐकलंच नाही. अजूनही कविता वाचताना मी लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत नाही, हातांकडे बघते.