रोह्याच्या जलपरीचे डोळे

दिव्याहून सुटलेली रोहा पॅसेंजर पनवेल मागे टाकून जित्याला थांबली, तेव्हा माझ्याजवळ एक टॉर्च, एक भिंग आणि मेहुण्याची धमकी एवढाच ऐवज होता. डोंबिवलीत आम्ही दोघं मिळून खेळांच्या मशीनचं दुकान चालवत होतो. आधीचं जुनं पिनबॉल मी वरवर पाहून घेतलं आणि त्याचा पट (काचेखालची रंगवलेली लाकडी फळी, जिच्यावरून पोलादी गोळी धावते) पार झिजलेला निघाला. गोळी खड्ड्यात अडखळायची आणि गिऱ्हाईक आम्हाला शिव्या घालायचं. "या खेपेलाही तसंच आणलंस, तर दुकानात झेरॉक्स टाकतो," असं मेहुण्याने बजावलं होतं. तो बोलतो ते करतो.

पेणच्या आसपास खाडीकडे मिठागरं लागली. उन्हात मिठाच्या राशी इतक्या पांढऱ्या दिसत होत्या की मी टॉर्च घेऊन निघालोय याचं मलाच हसू आलं. नागोठणं, निडी करत गाडी रोह्याला पोचली.

दानियेलकाकांचं सोडावॉटरचं दुकान बाजारात होतं. काका बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले मराठी ज्यू. मुलगा इस्राएलला गेलेला, आता काका-काकूही निघाले होते, म्हणून मशीन विकायला काढलं होतं. रिबकाकाकूंनी आधी मलिदा (ओलं खोबरं घातलेले गोड पोहे) पुढे केला. प्रवासाला निघण्याआधी त्यांच्यात तो करतात. मी दोनदा मागून घेतला.

मग काच काढली. जुना पट पाहायचा तर टॉर्च वरून मारून उपयोग नाही, आडवा धरावा लागतो. मग उडालेल्या रंगाची कड सावली टाकते. पटात बसवलेल्या दिव्यांच्या गोल काचांभोवती नख फिरवायचं, म्हणजे खाचा कळतात. गोळीची खरी वर्दळ मधे असते, म्हणून पट आधी मधे झिजतो. इथे सगळं उलटं! दोन्ही बाजूंना लाकूड उघडं पडलेलं आणि मधे रंगवलेली जलपरी मात्र कोरी करकरीत.

मी तिच्या चेहऱ्यावर भिंग धरलं आणि अंगावर काटा आला. लांब, अर्धे मिटलेले, कडांना लालसर रेघ असलेले ते डोळे माझ्याकडे पाहत होते. गणपतीचे डोळे.

"तिचा चेहरा पार गेला व्हता," काका म्हणाले. "पट सोडवून पेणला मूर्तीच्या कारखान्यात नेला. रंगाऱ्यानं हाताच्या सवयीनं बाप्पासारखे डोळे आखले. तवापासनं पोरं तिच्या तोंडावर गोळी जाऊ देत नायत. तिकडं वळली की मशीनच हिसडतात. टिल्ट व्हतं, म्हणजे मशीन आपसूक बंद पडतं, डाव जातो. जाऊ दे म्हणतात."

"आणि तुम्ही नाय हिसडत?" काकूंनी आतून विचारलं.

"तू गप गो," काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "आमच्यात मूर्ती मानत नायत. पण ती बघते ना आपल्याकडं."

मी एक डाव खेळून पाहिला. गोळी वरून सरळ तिच्यावर आली आणि काही कळायच्या आत माझ्याच हातांनी मशीन हिसडलं. दिवे गेले. मी खुळ्यासारखा उभा राहिलो. इतकी मशीनं पाहिली, पण पटासमोर असं भारावून जाणं मला ठाऊक नव्हतं.

अडचण पुढे होती. हा नवा रंग गोळीने कधी पारखलाच नव्हता. आमच्याकडची पोरं काही तिला चुकवणार नाहीत. मग तो टिकणार किती? काकांना संध्याकाळी फोन करतो म्हणालो आणि परतीच्या गाडीने पेणला उतरलो.

कारखान्यात जमिनीपासून आढ्यापर्यंत पांढऱ्या मूर्ती होत्या, एकीलाही डोळे नव्हते. काकांनी सांगितलेले वामनराव रंगारी एका मूर्तीची आखणी (डोळे रेखणं) करत होते. दोन्ही डोळे होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. डोळे झाले आणि समोरची माती पाहू लागली. याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

"तो रंग किती टिकेल?" मी शेवटी विचारलं.

"आमची मूर्ती दीड दिवसाची, नायतर दहा दिवसांची," ते ब्रश धूत म्हणाले. "त्याच्यापुढं टिकवायचं आमच्या हाताला ठावंच नाय."

"पण घासून जाईल हो ती."

"जाऊ दे की. खेळायचं यंत्र हाय ना ते? गेली की आणा, परत आखू."

समोरच्या एसटीडी बूथवरून मी रोह्याला फोन लावला आणि मशीन घेतो म्हणून सांगितलं.

घरी मेहुणा वाटच पाहत होता. "पट कसा आहे?"

"दोन्ही बाजूंनी लाकूड दिसतंय."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "आणि तरी घेतलंस? मधे काय आहे?"

"मधे आहे ते आपण झिजवायचं," मी म्हणालो, "आणि झिजलं की पेणला न्यायचं."