आठवे अक्षर

शरयू अनिल खांबेटे, माहेरच्या शरयू पुरुषोत्तम लघाटे. जन्म नागपूर, १९५१. नागपुरातील एका छापखान्यात एकोणीस वर्षे मुद्रितशोधक. पुढे ‘मिनागावा टॉइज’ या जपानी खेळणी-कंपनीच्या अमेरिकेतील व्हिडिओ गेम विभागात, मुक्काम नेपरव्हिल, राज्य इलिनॉय, नोव्हेंबर २००१ ते मार्च २००८.

मिनागावा कंपनी मूळची पत्र्याच्या, किल्ली देऊन चालणाऱ्या खेळण्यांची. पुढे तिने बाहुल्या केल्या, आणि ऐंशीच्या दशकात, सगळेच करू लागले तेव्हा, व्हिडिओ गेमही काढले. अमेरिकेत ते दुसऱ्यांच्या नावावर खपत. २००१ मध्ये कंपनीने स्वतःची शाखा उघडली आणि नेपरव्हिलमध्ये बावीस माणसांचे कार्यालय थाटले. गेम विक्रीला जाण्यापूर्वी तपासणारी माणसे हवी होती. जाहिरातीत ‘बारीक नजर आवश्यक’ असे लिहिले होते. अनिलराव नोकरीनिमित्त सहा वर्षांपूर्वी या गावी आले होते, आणि ग्रीन कार्ड हाती पडून शरयूबाईंना महिना झाला होता. जाहिरातीतील अन्य एकही अट आपण पुरी करत नाही हे ठाऊक असूनही त्यांनी अर्ज केला.

पन्नाशीच्या बाई गेम खेळायला बसलेल्या पाहून प्रथम सर्वांना हसू आले. पण त्या खेळत नव्हत्याच. छापखान्यात मजकूर वाचायचा नसतो, अक्षरे पाहायची असतात. तसेच त्या पडदा पाहत. इतर तपासनीस गेमने नाव विचारले की AAA टाकून पुढे पळत. शरयूबाई प्रत्येक वेळी एखाद्या खऱ्या माणसाचे नाव, एकही अक्षर न गाळता लिहीत. २००४ पर्यंत त्या तपासणी विभागाच्या प्रमुख झाल्या. कारखान्याकडे जाणाऱ्या अंतिम फॉर्मवर पहिली सही त्यांची असे. तिच्यावाचून गेमचे एकही कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात घालायची डबी, तयार होत नसे.

२००५ च्या नाताळसाठी कंपनीने ‘पोर्च पपी’ नावाचा गेम काढायचे ठरवले. खिशात मावणाऱ्या यंत्रात एक कुत्र्याचे पिल्लू. त्याला नाव द्यायचे, खाऊ घालायचे, तीस दिवसांनी त्याचा वाढदिवस करायचा. १२ सप्टेंबरला, सोमवारी, शरयूबाईंनी यंत्राचे घड्याळ पुढे सरकवत आपल्या पिल्लाचा वाढदिवस आणला. पिल्लाला त्यांनी नागपूरच्या थोरल्या बहिणीचे नाव दिले होते: MINAKSHI. केक आला, टाळ्या झाल्या, आणि पिल्लू नाहीसे झाले. पडद्यावर पुन्हा पहिलाच प्रश्न आला: तुमच्या पिल्लाचे नाव काय?

त्यांनी JENNIFER नाव देऊन पाहिले. तेही गेले. SAMANTHA गेली. BOB मात्र सुखरूप होता.

दुपारपर्यंत कारण उमगले. वाढदिवसाला गेम नावापुढे एक चांदणी लावत असे. नावासाठी घरे आठ. आठही भरलेली असली की चांदणीला जागा उरत नसे, आणि ती शेजारच्या जागेवर, म्हणजे मुलाने महिनाभर जपून ठेवलेल्या खेळावर, जाऊन बसे. जपानी लिपीत कुत्र्याचे नाव तीन-चार अक्षरांत संपते, म्हणून टोकियोत हे कोणाला दिसले नाही. नेपरव्हिलमध्ये AAA मुळे दिसले नाही.

गेलेल्या तिन्ही पिल्लांच्या नावांसह त्यांनी अहवाल पाठवला. बुधवारी सकाळी टोकियोतील मुख्य अभियंता ओकुमुरा यांचे उत्तर आले: “आपल्या बहुमोल सूचनेबद्दल आभार. यावर आम्ही गांभीर्याने विचार करू.”

“झालं तर!” कार्यालयाचा प्रमुख ग्रेग म्हणाला. “ते करताहेत. शुक्रवारी चारच्या आत सही कर, शरयू. नाहीतर कारखान्यातली आपली पाळी जाते, आणि पाळी गेली की नाताळ जातो.”

“ते करणार नाहीयेत,” शरयूबाई म्हणाल्या. “हे ‘बघू’ आहे.”

“बागू म्हणजे काय?”

पुण्याची रुचा नाडकर्णी तिथेच उभी होती. वेळापत्रक सांभाळणे तिचे काम. तिने समजावले. “ग्रेग, आमच्याकडे नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणत नाहीत. ‘बघू’ म्हणतात. वी विल सी.”

“मग सी करतीलच की! उत्तम!” असे म्हणून ग्रेग निघून गेला.

रुचा मागे थांबली. “काकू, टेन्शन घेऊ नका. सही करून टाका ना, यार.”

“यार?”

“सॉरी. काकू. पण खरंच, आठ अक्षरी नाव किती मुलं देणार?”

“नाव देणारं प्रत्येक मूल पूर्णच देणार, रुचा. आणि ज्याचं पिल्लू जाईल त्याला ते एकच होतं.” त्यांनी फॉर्म खणात ठेवला. “एकोणीस वर्षांत चूक दिसत असताना पानावर सही केली नाही. आता इथे येऊन करायची?”

पण बावीस माणसांचे कार्यालय नाताळच्या विक्रीवर चालते, हे दोघींनाही ठाऊक होते.

त्या संध्याकाळी घरी अनिलराव वर्तमानपत्र वाचत होते. गॅरेजचे दार तीन आठवडे अर्ध्यावर अडकत होते.

“अहो, ते दार दुरुस्त करणार होतात ना?”

“बघू.”

“शनिवारी की रविवारी?”

अनिलरावांनी वर्तमानपत्र खाली घेतले. “शनिवारी. हे बरं जमतं तुला. माणसाला नाही म्हणायची सोयच ठेवत नाहीस.”

शरयूबाई पोळी लाटता लाटता थांबल्या. मग पुन्हा लाटू लागल्या.

गुरुवारी सायंकाळी सहा वाजता, म्हणजे टोकियोत शुक्रवारची सकाळ उजाडल्यावर, त्यांनी ओकुमुरांना फोन लावला. दोघांचेही इंग्रजी पाठ्यपुस्तकातले, त्यामुळे संभाषण सुरळीत चाले. रुचा बाजूला खुर्ची ओढून बसली.

“ओकुमुरा-सान, दुरुस्त प्रत तपासायला मी यंत्र मोकळं ठेवणार आहे. कधी ठेवू? शुक्रवारी की सोमवारी?”

पलीकडून दातांतून हवा आत ओढल्याचा आवाज आला.

“खांबेटे-सान,” शेवटी ओकुमुरा म्हणाले, “चांदणीसाठी नवी जागा करायची, तर सगळी मांडणी हलवावी लागेल. तीन आठवडे. ते शक्य नाही. हे मी आधीच स्पष्ट लिहायला हवं होतं.”

“आता सांगितलंत, त्याबद्दल आभार,” शरयूबाई म्हणाल्या. आणि त्या मनापासून म्हणाल्या, कारण नकार हाती आल्यावरच पुढचा विचार करता येतो. “मग नावाचं आठवं घर काढून टाकलं तर? सातच ठेवायची. चांदणी आठव्यात बसेल.”

मग कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज.

“ते आज होईल. तुमच्या शुक्रवारी सकाळी प्रत मिळेल.”

फोन ठेवल्यावर रुचा बोटे मोजत होती. “एस, एच, ए, आर, ए, वाय, यू. काकू, तुमचं नाव बरोब्बर सात! सेटिंग केलंत की काय?”

“मीनाक्षीचं बसत नाही ना,” शरयूबाई म्हणाल्या.

शुक्रवारी प्रत आली. दुपारी तीनपर्यंत त्यांनी अकरा पिल्लांचे वाढदिवस केले. अकराही जगली. पावणेचारला त्यांनी सही केली.

गेम बरा खपला. एकाही मुलाचे पिल्लू हरवले नाही. पण बर्फ वितळण्याच्या सुमारास कार्यालयात सत्त्याऐंशी पत्रे जमा झाली, आणि सगळ्यांची तक्रार एकच: नाव पुरत नाही. शरयूबाईंनी प्रत्येकाला स्वहस्ते उत्तर दिले. मिशिगनमधील ट्रॉय गावच्या आठ वर्षांच्या निधीने लिहिले होते, “माझ्या कुत्रीचं नाव MARIGOLD होतं. ती मेली. गेममध्ये ती MARIGOL होते. ती आमची कुत्री नाही.”

निधीला त्यांनी लिहिले की पुढील आवृत्तीत आठवे अक्षर देता येईल का, ते बघू. दहा दिवसांनी उत्तर आले. कागदावर एकच ओळ होती: “कोणत्या महिन्यात?”

शरयूबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग त्यांनी खरे ते लिहिले: महिना मला ठाऊक नाही, पण कळला की आधी तुला कळवीन.

महिना कधीच ठरला नाही. दुसरी आवृत्ती एकदा पुढे ढकलली, मग रद्द झाली. २००७ च्या अखेरीस मिनागावा कंपनीने व्हिडिओ गेम सोडून पुन्हा केवळ खेळणी करायचे ठरवले, आणि नेपरव्हिलचे कार्यालय मार्चअखेर बंद होणार असल्याचे पत्रक आले. शरयूबाईंनी ओकुमुरांना निरोपाचे पत्र धाडले. त्यात निधीची हकीकत होती आणि, या वेळी, ‘कधी’ हा शब्द नव्हता.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात टोकियोहून एक लहान पुडके आले. आत करड्या रंगाचे, चिठ्ठी न लावलेले एक कार्ट्रिज. सोबत दोन ओळी: “तीन आठवडे लागतील असे मी म्हणालो होतो. संध्याकाळी काम केल्यामुळे पाच लागले.” शरयूबाईंनी ते यंत्रात घातले. नावासाठी आठ घरे होती. आत एक पिल्लू आधीच वाढवून ठेवलेले होते, वाढदिवस उलटलेले, आणि त्याच्या डोक्यावर लिहिले होते: MINAKSHI, पुढे चांदणी.

त्यांनी रुचाला बोलावून ते दाखवले. मग दोन दिवस ते पिल्लू टेबलावर ठेवले, वेळेवर खाऊ घातले, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने पुसून नावाची आठही घरे मोकळी केली. कार्ट्रिज २८ मार्च रोजी रजिस्टर्ड टपालाने ट्रॉयला गेले.

पोच एप्रिलमध्ये त्यांच्या घरच्या पत्त्यावर आली. निधी तेव्हा दहा वर्षांची होती. तिने आभार मानले होते आणि मॅरिगोल्डचा वाढदिवस सहा मे रोजी असल्याचे कळवले होते. उरलेल्या शहाऐंशी जणांना त्यांचे आठवे अक्षर देणे राहून गेले. त्यांची पत्रे शरयूबाईंनी कार्यालयाच्या रद्दीत जाऊ दिली नाहीत; तारखेवार लावून घरी आणली.