वेटरच्या व्हिसावरचा टेनर

बाहेर जूनच्या उन्हानं डांबर मऊ झालेलं असायचं आणि अर्काडीसर गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळून हॉटेलात शिरायचे. एकदा न राहवून मी विचारलंच, "सर, बरं नाही का?" म्हणाले, "मॅडम, ऊन टेनरला मारत नाही. तुमचा एसी मारतो." आणि छतातल्या जाळीकडे त्यांनी असं बघितलं, जसं आम्ही वसईकर घरात शिरलेल्या विंचवाकडे बघतो.

कतारमध्ये, दोह्यातल्या त्या हॉटेलच्या ऑफिसात मी व्हिसा आणि रजेचे कागद बघायचे. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. अर्काडीसर रशियातले, टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारे. व्होल्गाकाठच्या एका शहरातल्या ऑपेरात वीस वर्षं नायकाच्या भूमिका गायलेले. देश मोडला, थिएटर पगाराच्या जागी साबणाच्या वड्या देऊ लागलं, तेव्हा हा पन्नाशीचा माणूस आमच्या रेस्टॉरंटात गायला आला. गायकाचा व्हिसा आमच्याकडे नव्हता, म्हणून वेटरचा काढला. आखातात हे रोजचंच. आमचा सुतारही कागदावर माळी होता. मला त्यात काही वाटलं नाही, त्यांना मात्र लागलं. गाणं रंगात आलेलं असताना एखादा मेला चुटकी वाजवून केक मागायचा. अर्काडीसर गाणं थांबवून वाकायचे. "आणतो. कागदावर माझं तेच काम आहे." आणि खरंच आणून द्यायचे!

नाताळ जवळ आला की अल सद्दच्या आमच्या फ्लॅटवर ते आम्हा वसईकरांची गाण्याची तालीम घ्यायचे. माझा नवरा रास लफानच्या गॅस प्रकल्पातली शिफ्ट करून आलेला, सोफ्यावर पेंगणारा. त्यालाही उठवून उभा करायचे. "पोटातून गा! गळा म्हणजे नुसता दरवाजा. दरवाजा कधी गातो का?" आमच्यासारख्या बेसुऱ्यांवर एवढी मेहनत कुणी घेतली नव्हती.

तिसऱ्या वर्षी त्यांच्या जुन्या थिएटरचा फॅक्स आला. बंद पडलेलं थिएटर पुन्हा उघडणार होतं, आणि पहिल्या रात्री नायकाची भूमिका त्यांनी गावी असं बोलावणं होतं. फॅक्स हातात धरून हा धिप्पाड माणूस माझ्या टेबलापुढे रडला. "हा आवाज अजून एक वर्ष टिकेल, मॅडम. मग खलास." पण मॅनेजरनं रजा नाकारली. ईदची गर्दी होती ना! आणि मालकाची सही असलेला परवाना नसेल तर देशाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं.

दर गुरुवारी मी परवान्यांचा गठ्ठा मालकाकडे न्यायचे. तो न वाचता सह्या ठोकायचा, हे अख्ख्या हॉटेलला ठाऊक होतं. अर्काडीसर म्हणाले, "माझा एक कागद त्यात ठेवा. आयुष्यात दुसरं काही मागणार नाही."

ठेवला मी. अगदी मधोमध ठेवला. आणि लिफ्टमध्ये काढून पर्समध्ये कोंबला. माझा व्हिसाही त्याच मालकाचा होता. पकडले गेले असते तर मुलीची शाळा सोडवून वसई गाठावी लागली असती. तेव्हा याला मी संसार म्हणत होते. भित्रेपणा होता तो, दुसरं काय! बरं, निदान खरं तरी सांगावं? त्यांना म्हटलं, "सॉरी सर, मालकांनी सही केली नाही."

थिएटर उघडलं, भूमिका दुसऱ्यानं गायली. इकडे अर्काडीसर रोज गात राहिले, पण वरचा सूर आला की तो टाळून खालून जायचे. जेवणाऱ्यांपैकी एकालाही ते कळलं नाही. मला कळायचं, त्यांनीच शिकवलं होतं.

दोन वर्षांनी करार संपला. या वेळी परवान्यावर मुकाट्यानं सही झाली. निघताना ते चॉकलेटचा डबा घेऊन ऑफिसात आले. सगळ्यांदेखत माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "या देशात माझ्यासाठी मालकापुढे कागद ठेवला तो एकट्या तुम्ही. घरी जाऊन बायकोला तुमचं नाव सांगणार आहे."

खरं सांगायला तेवढा एक क्षण होता. मी हसून म्हटलं, "वेलकम, सर," आणि डबा घेतला.