कंपासकाकांचं बंदर

आपल्या सलूनमध्ये कात्री चालवता चालवता वस्तादांना नाही नाही ते प्रश्न पडायचे. पंखा उलटा फिरला तर वारा कुठे जाईल, आरशातला माणूस डावखुरा का, असले. बायको म्हणायची, "नसती उठाठेव!" पण त्या उठाठेवीतच हे गृहस्थ पन्नाशीत पायथॉन ही कॉम्प्युटरची भाषा शिकले आणि गिऱ्हाइकांना ताटकळायला नको म्हणून दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बंदर बांधायचा एक गेम त्यांनी स्वतः लिहिला.

गिऱ्हाइकं थोडा वेळ खेळत आणि नंबर आला की उठत. चिकटले ते एकटे कंपासकाका. आयुष्यभर कचेरीत कंपास घेऊन नकाशे काढलेले, डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि काकू गेल्यापासून घरी बोलायला फक्त भिंती. सकाळी यायचे, धक्के बांधायचे, मध्येच "वस्ताद, तुमच्या भरतीचं गणित चुकलंय हं!" म्हणून वाद घालायचे. जेवायला जा म्हटलं तर म्हणत, "उठलो तर कुणीतरी नवा डाव मांडेल." संध्याकाळी कॉम्प्युटर बंद झाला की बंदर गायब, आणि दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या! वस्तादांना याचं फार वाईट वाटे.

मग नवा प्रश्न सुरू झाला: बंद केल्यावर बंदर जातं तरी कुठे? जाण्याआधी ते फाइलमध्ये उतरवून ठेवता येतं, हे कळल्यावर तर त्यांना चैन पडेना. धक्का कुठे, बोट कुठली, सगळं त्यांनी गेमला फाइलमध्ये लिहायला लावलं. पण गेम उघडला की समोर रिकामा समुद्र! घोडं कुठे पेंड खातंय ते बरेच दिवस कळेना. शेवटी सापडलं आणि ते एकटेच खो खो हसले. वाचण्याआधीच ते फाइल लिहिण्यासाठी उघडत होते, आणि तशी उघडली की ती आधी कोरी होते. पाटी पुसायची आणि मग तिच्यावर काय लिहिलं होतं ते वाचायला बसायचं, असला तो कारभार.

दुसऱ्या दिवशी काकांचा धक्का अर्धा झाला असताना वस्तादांनी गिऱ्हाइकाची दाढी मध्येच सोडून कॉम्प्युटर बंदच केला.

"अहो, अहो!" काका ओरडले.

पुन्हा सुरू केला, तर धक्का होता तिथेच.

"कुठे होतं हे?" काकांनी पडद्याला बोट लावून पाहिलं.

"फाइलमध्ये. महिन्याने या, असंच असेल. आता अडकून बसायला नको, काका. खुशाल घरी जात जा."

काका बंदराकडे बघत राहिले. मग चष्मा खिशात घालून हळूच उठून दाराशी गेले.

"छान केलंत," ते म्हणाले. "मग... निघू मी?"

गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण तसाच ठेवून वस्ताद त्यांच्यामागे दाराशी गेले.

"काका, बंदरासाठी का बसवून घेत होतो मी तुम्हाला? तुम्ही नसलात की मला दुकानात करमत नाही. बसा बघू."

काका बसले. बसताना त्यांनी खुर्ची कॉम्प्युटरकडून वस्तादांकडे वळवून घेतली.