एकट्याचा खेळ चारचौघांत

ज्या गेमपायी आमच्या दादाने माझ्याशी नऊ दिवस अबोला धरला, त्याचं नाव मी सांगणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना तलवार, गुहा आणि जीव कमी झाला की पिशवीतून काढून खायचा पाव, एवढ्यावरून कळेल. ज्यांना माहीत नाही त्यांना नाव सांगूनही उपयोग नाही. माझ्या नवऱ्याला बारा वर्षांत ते धड उच्चारता आलेलं नाही. त्या गेमचे एकामागून एक भाग येत गेले आणि प्रत्येक भागात खेळणारा एकच. एकटा वीर. त्यानेच फिरायचं, त्यानेच लढायचं, त्यानेच मरायचं. बाकीचे सगळे कॉम्प्युटरचे.

माहेर माझं उमरोळीचं. चिकूची वाडी, घरापुढे ओटी. काकांच्या कंपनीने निकालात काढलेला कॉम्प्युटर आमच्याकडे आला तेव्हा दादा बारावीला होता आणि मी आठवीला. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "दादा, माऊस दे ना एकदा."

"हात नको लावू गो, डेटा उडंल."

डेटा म्हणजे काय हे त्यालाही माहीत नव्हतं, पण शब्द असा जड होता की मी हात मागे घेतला. तो मागे घेतला तो घेतलाच. त्यानंतर मी शेजारी स्टुलावर बसायचे आणि वहीत नकाशे काढायचे. कुठली गुहा कुठे उघडते, कुठल्या दाराची किल्ली कुठल्या म्हातारीकडे, कुठल्या पुलाखाली काय दबा धरून बसलंय, सगळं. वाटेतली कोडी मीच सोडवायची. आई येतेय का तेही मीच बघायचं. दादा लढायचा मस्त, पण दिशेच्या नावाने आनंद. उमरोळीहून बोईसरला जायला निघून पालघरला उतरणारा माणूस! मी "डावीकडे, डावीकडे, अरे ती उजवी" करून ओरडायचे आणि तो तलवार फिरवायचा. गेम संपला तेव्हा त्याने अख्ख्या आळीत सांगितलं, "मी संपवला." मी चहा टाकायला आत गेले आणि साखरेचा डबा आपटला. बस्स, एवढाच माझा निषेध.

आमची एक खोडही सांगून ठेवते. आमची आई चिकू उतरवायला सुरुवात करण्याआधी वाडीच्या कडेला राखणदाराला, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाला, भाकरीचा तुकडा ठेवते. तेव्हा लोडशेडिंग फार. गुहेत निम्म्यात गेलं की लाइट जायची आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. एकदा दादाने वैतागून गुहेच्या तोंडाशी पिशवीतला पाव टाकला, हात जोडले आणि म्हणाला, "राखणदारा, संबाल." त्या दिवशी लाइट गेली नाही. झालं! त्यानंतर पुढच्या सगळ्या भागांत, सगळ्या गुहांच्या तोंडाशी, एक पाव राखणदाराचा.

पुढे माझं लग्न झालं, पालघरला आले, कोळगावच्या जिल्हा मुख्यालयातल्या एका कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर लागले. दादा तारापूरच्या एका कारखान्यात. नवा भाग आला की रविवारी मी माहेरी जाणार आणि त्याच्या शेजारी बसणार, हे ठरलेलं. लोक विचारतात, स्वतःचं घेऊन एकटी का नाही खेळलीस? अहो, घेतलं होतं एकदा. अर्ध्या तासात बंद केलं. "डावीकडे" म्हणायला शेजारी कोणी नाही, तर त्यात मजा काय?

म्हणूनच जेव्हा गेमच्या कंपनीने जाहीर केलं की पुढचा भाग ऑनलाइन, सगळे खेळणारे एकाच जगात, तेव्हा मी ऑफिसात खुर्चीवर जवळजवळ उडीच मारली. दोन माणसं, दोन माऊस! मी तलवार घेऊन दादाच्या बरोबरीने चालणार. लगेच फोन लावला.

"दादा, ऐकलंस का? आता आपण..."

"ऐकलं ना. वाट लावली मेल्यांनी! आता काय राहिलं हाय त्यात?"

मी "हो ना" म्हटलं आणि आवकचं रजिस्टर उघडलं.

दादाचा फोनवर एक ग्रुप आहे, आसपासच्या जुन्या खेळणाऱ्यांचा. तिथे नुसता शिमगा चालला होता. मनोरच्या एका मोबाइल दुकानदाराने त्या वीराचा फोटो हार घालून काउंटरवर लावला, गिऱ्हाइकं विचारायची, "वडील का?" बोईसरच्या एका फिटरने निषेध म्हणून जुनी सीडी परसात जाळली आणि त्या वासापायी आईचा मार खाता खाता वाचला, वय वर्षं एकेचाळीस. एक बिहारी ऑपरेटर लिहायचा, "भाई, शेर का जंगल था, अब मेला लगेगा." आणि सगळ्यांचा म्होरक्या कोण, तर आमचा दादा. बहिष्कार! जो खेळेल तो ग्रुपमधून बाहेर. मला हे सगळं रोज वाचून दाखवायचा. मी "हो ना, फारच" म्हणायचे. मला एकदाही विचारलं नाही की तुला काय वाटतं.

मग बहाद्दरांना आठवलं की आपला जिल्हा आहे, जिल्ह्याला मुख्यालय आहे. आपल्याकडे रस्ता खचला निवेदन, पाणी आलं नाही निवेदन, मग गेम बिघडवला तर निवेदन नको? एका सोमवारी माझ्या टेबलासमोर पाच जण उभे. पुढे दादा, इस्त्रीच्या शर्टात, कपाळाला गंध.

"मॅडम," तो म्हणाला. मला! "निवेदन द्यायचं हाय."

मी वाचलं. 'विषय: सदर खेळ ऑनलाइन करण्यात येऊ नये याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती की, सदर खेळ एकट्याने खेळण्याची प्रदीर्घ परंपरा असून...' आणि शेवटी 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील.' मी ओठ इतके दाबून धरले की दुखायला लागले. कारण त्या क्षणी घरी माझ्या लॅपटॉपवर तोच गेम निम्मा उतरून झाला होता.

"कंपनी परदेशात आहे ना?" मी विचारलं.

"ते प्रशासनानी बघायचं," फिटर म्हणाला.

मी शिक्का मारला, आवक क्रमांक घातला, पोच दिली. साहेबांनी कागद उलटसुलट करून विचारलं, "हे कुठल्या खात्याकडे?" मी म्हटलं, "खेळ आहे, क्रीडाकडे पाठवू." तिकडून तो 'मैदानी खेळ नसल्याने' असा शेरा घेऊन परत आला, तो अजून माझ्याच कपाटात आहे.

गेम सुरू झाला त्या शनिवारी मी दुपारी लॅपटॉप मांडीवर घेतला. नवरा म्हणाला, "खिचडी मी टाकतो, तू जा मारामारीला." असा नवरा सगळ्यांना मिळो. मी स्वतःसाठी सहा फुटी दाढीवाला निवडला, हातात कुऱ्हाड. माऊस माझ्या हातात! डेटा काही उडाला नाही. पहिल्या तासात चार वेळा मेले आणि प्रत्येक वेळी इतका आनंद झाला म्हणून सांगू.

दुसऱ्या रविवारी एका गुहेपाशी पोचले तर तिथे ही गर्दी. देशोदेशीचे वीर रांग लावून उभे, मनोरच्या बाजारासारखी धक्काबुक्की. त्यात एका जाडजूड शिपायाने गुहेच्या तोंडाशी पाव ठेवला. मी थबकले. तेवढ्यात हिरव्या झग्यातल्या कुण्या आगंतुकाने तो उचलला आणि खाल्ला. शिपाई पिसाळला. सगळ्यांना दिसेल असं लिहायला लागला, "ए भाई! वो खाने का नहीं है! वो राखणदार का है!"

हिरव्या झग्याला काय कळणार? शिपायाने दुसरा पाव ठेवला. तो दुसऱ्याने खाल्ला. तिसरा ठेवला, तोही गेला. पंगतच बसली म्हणा ना! बहिष्काराचा म्होरक्या, ज्याची पोच माझ्या सहीची, तो माझ्यासमोर पाववाटप करत उभा होता. मी लॅपटॉप बाजूला ठेवून हसले, इतकी की नवरा झारा घेऊन बाहेर आला.

मी पुढे झाले. दाढीवाला बनून हिंदीत लिहिलं, "रास्ता चाहिए क्या, भाई?" दादा लगेच, "हाँ भाईसाब, दो घंटे से घूम रहा हूँ." मला भाईसाब! मग मी त्याला फिरवला. एका औषधी पाल्यासाठी नदी तीनदा पार करायला लावली. पाला अलीकडच्याच काठावर होता. तीन दिवस संध्याकाळी ऑफिसातून आले की हाच धंदा. तो म्हणेल "भाईसाब, आप उस्ताद हो", आणि मी फुगून बसणार. खरं सांगते, त्या तीन दिवसांत माझ्याइतकं सुखी पालघर जिल्ह्यात कोणी नव्हतं.

चौथ्या दिवशी एका दलदलीच्या कडेला बसलो होतो. मी सहज विचारलं, "पुराने भाग किसके साथ खेले?" मला वाटलं, आता माझं नाव निघणार. बोटं कीबोर्डवरच होती.

तो लिहितो, "अकेला. सब नक्शे खुद बनाए. पूरी कॉपी भरी है."

खुद! माझ्या अंगाची लाही लाही झाली. आठवीपासूनची माझी वही, दहावीच्या अभ्यासाच्या वेळात चोरून भरलेली, आणि हा अनोळखी माणसासमोर त्यावर आपलं नाव घालतोय. मी दाढीवाल्याला उठवलं आणि त्याला दलदलीत सोडून निघून गेले. तिथून बाहेर पडायचं म्हणजे दिशा कळायला हवी. बस म्हटलं, आता खुद काढ नकाशा.

तासाभराने त्याचा फोन. आवाज अगदी मऊ. "काय गो, बरी हायस ना? नकाशांत दलदलीसाठी तू कायतरी खूण करायचीस बघ, कशी काढायचीस?"

"कशाला? तू तर बहिष्कारात."

"असंच. आठवण झाली."

"नकाशे तू खुद बनवलेस ना? मग मला काय विचारतोस, भाईसाब?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तो दाढीवाला... तू?"

"मी."

"नदी तीनदा..."

"चारदा करायला लावायला हवी होती!" आणि मग माझा तोल सुटला. म्हटलं, इतकी वर्षं शेजारी बसले, एकदा तरी माऊस दिलास? एकदा तरी कुणाला सांगितलंस की वाट माझ्या बहिणीने दाखवली? ऑनलाइन म्हटल्यावर तुझं जंगल गेलं, पण मला पहिल्यांदा आत यायला मिळत होतं, ते दिसलं तुला? मला तुझ्याबरोबर चालायचं होतं रे, तुझ्या मागे बसून कंटाळा आलाय मला! बोलताना रडू आलं, त्याचाच जास्त राग आला. दादाने फोन ठेवला.

नऊ दिवस. आई दोघांना फोन करून "काय झालं हाय तुमाला?" विचारत राहिली. कुठल्या तोंडाने सांगणार होतो? मला भीती वाटायला लागली की गंमत गंमत करता मी हे कायमचं तोडून बसले. दाढीवाल्याला हातही लावला नाही.

दहाव्या दिवशी रविवार. दुपारी राहवलं नाही, गेम उघडला आणि त्या दलदलीकडे गेले. शिपाई तिथेच उभा. नऊ दिवसांत तिथून बाहेर पडता आलं नव्हतं की पडायचं नव्हतं, ते त्यालाच ठाऊक. मला बघून पहिल्यांदा मराठीत लिहिलं.

"माऊस दिला असता ना, तर तू माज्यापेक्षा बरी खेळली असतीस. मग मी काय केलं असतं? मला नकाशे काढता येत नायत."

मी ते दोनदा वाचलं. एवढंसं उत्तर! आणि मी त्यावर अर्धं आयुष्य राग धरून होते. तेवढ्यात पुढची ओळ आली. "ग्रुपवर सांगितलं सगळं. नकाशांचं पण, खेळतो त्याचं पण. बाहेर काढतील म्हणून बसलो होतो, तर फिटर म्हणतो, मी पण खेळतोय."

मी हसायला लागले, पण डोळ्यांतून पाणी काही थांबेना.

मी लिहिणार तोच मागून चिखलातून काहीतरी उठलं, सहा पायांचं. दादाने सवयीने तलवार उपसली आणि सवयीनेच चुकीच्या दिशेला पळाला. दुसऱ्या मिनिटाला दलदलीच्या पार पलीकडे आडवा. या गेममध्ये पडलेल्याला उठवायचं तर दुसऱ्या खेळणाऱ्याने जवळ जाऊन हात द्यावा लागतो.

"आता काय करू?" त्याने विचारलं.

माझ्या ओठांवर "डावीकडे" आलं होतं. पण ते ऐकून करायला तो उभाच कुठे होता? मधे ते सहा पायांचं बसलेलं, भोवती चिखल, आणि या दलदलीचा नकाशा अजून कोणीच काढलेला नव्हता.

"पडून राहा," मी लिहिलं. "मी येतेय."

आणि कुऱ्हाड उचलून मी गेले.